कातडं कमावणाऱ्यांच्या रस्त्यावरचा रविवार

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरचा पहिला रविवार. शहर माद्रिद. सकाळी थंडी, दुपारी वाशीमच्या डिसेंबरसारखं ऊन.

हजर: मी. माझी मुलगी, जी तिथे औषधांच्या कंपनीत नोकरी करते. तिनं लग्नासाठी पसंत केलेला मुलगा, तोही तिथेच, संगणकाच्या कामावर. आणि त्या मुलाची आई.

गैरहजर: माझे यजमान, त्यांच्या शाळेत चाचणी परीक्षा चालू असल्यामुळे. मुलाचे वडील, सोयाबीनची सोंगणी चालू असल्यामुळे. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं.

हजेरी लिहिण्याची सवय नोकरीतली. मी सरकारी दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. यादीशिवाय माझा दिवस सुरू होत नाही आणि यादीतलं एखादं काम राहिलं तर झोप लागत नाही. त्या रविवारचीही यादी मी आदल्या दिवशीच करून मुलीला दाखवली होती. आधी रस्त्यावरचा बाजार, मग ते लोक ज्याला तापास म्हणतात ते खाणं, मग नदीकाठी फेरी. एक काम मी त्यात लिहिलं नव्हतं, कारण ते मला शाळेत असल्यापासून पाठ होतं. मला त्या मुलाच्या आईला माझ्या हातानं खाऊ घालायचं होतं आणि ती खाताना तिच्या तोंडाकडे पाहायचं होतं.

ती आणि मी एकाच गावच्या. गाव जऊळक्याजवळ, स्टेशनवरून पायी जाता येईल एवढ्यावर. मी त्या गावची लेक, ती त्या गावची सून. माझी आई तिच्या सासऱ्याच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जायची. मी सातवीत होते तेव्हा ही नवी नवरी होती. त्या वर्षी मी परीक्षेत पहिली आले. आईनं मालेगावच्या बाजारातून पेढे आणले आणि पहिला पुडा मालकीणबाईंच्या घरी देऊन ये म्हणाली. मी गेले. सासू कुठे दिसली नाही. नव्या सुनेनं ओट्याच्या कडेकडे बोट दाखवून ‘ठेव तिथं’ म्हटलं, आणि हसून शाब्बासही म्हणाली. मी पुडा ठेवून निघाले. वळणावर आल्यावर लक्षात आलं की दाखवायला नेलेली गुणपत्रिका ओट्यावरच राहिली. परत गेले तर पुडा तिथे नव्हता. सून गोठ्यात उभी होती आणि गायीला पेढे चारत होती, एक झाला की दुसरा. तिनं मला पाहिलं. तिचा हात थांबला नाही. मी गुणपत्रिका उचलली आणि घरी आले. आईला सांगितलं, ‘आवडले त्याईले.’

आई गेली तोवर मी तिला दुसरं काही सांगितलं नाही.

त्यामुळे मुलीनं फोनवर मुलाचं गाव आणि घराणं सांगितलं तेव्हा मी खुर्चीत बसले आणि मला आनंद झाला. जावई चांगला मिळाला म्हणून झाला असं मी म्हणणार नाही. मुलीनं त्याला आधीच बजावून ठेवलं होतं की माझी आई हो म्हणाल्याशिवाय मी लग्नाच्या कागदावर सही करणार नाही. मुलीची ही अट ऐकून मुलाची आई ऐन सोयाबीनच्या दिवसांत विमानात बसली होती. आमच्या भागात मुलीच्या बापानं चपला झिजवायच्या असतात. इथे उलटं झालं होतं. कोणाला कोणाची गरज आहे हे मला कळत होतं, आणि तिलाही.

आम्ही बाजाराच्या वरच्या टोकाला भेटलो. तिथे एका शिपायाचा पुतळा आहे, त्याच्या बगलेत रॉकेलचा डबा. पुतळ्याखाली ती उभी होती. पाचवारी साडी, वरून लेकाचं जाकीट, पायात पांढरे बूट, हातात कापडी पिशवी. पिशवी माझ्याही हातात होती. दोघींनी एकमेकींच्या पिशव्या पाहिल्या. बाजार म्हटल्यावर दोघींच्या डोक्यात भाजी, आणि भाजी म्हटल्यावर लवकर गेलेलं बरं. म्हणून दोन्ही पोरांना आम्ही आपापल्या घरी भल्या पहाटे उठवलं होतं. प्रत्यक्षात दुकानदार अजून लोखंडी पाइप जोडून पाल उभारत होते आणि अख्ख्या उतारावर कोथिंबिरीची एक काडी नव्हती.

जे होतं ते असं: जुन्या किल्ल्या, दाराच्या कड्या, अनोळखी माणसांचे चौकटीतले फोटो, पंखे, चामड्याच्या पिशव्या, मुंडकं नसलेल्या बाहुल्या, कोळशाच्या इस्त्र्या. रस्ता खाली उतरत जातो, दोन्ही बाजूंना झाडं आणि झाडांखाली दुकानं. फाट्यावरच्या गल्ल्यांमध्येही तेच.

“म्हंजे भंगारच ना हे?” ती लेकाला म्हणाली.

त्यानं सांगितलं की हे भंगार नाही, अँटिक आहे.

“मंग आपल्या माळ्यावर लय अँटिक हाये. अन् खाटेवर तुहा आजा हाये.”

मुलगा हसला, माझी मुलगी हसली. मलाही हसू येत होतं, मी ते दाबलं. त्या बाईच्या विनोदाला हसायला मी एवढ्या लांब आले नव्हते.

पुढे तिनं एक पितळी घंटी उचलली, बैलाच्या गळ्यात बांधण्याएवढी. विकणारी बाई तिच्या भाषेत भाव सांगत होती आणि ही वऱ्हाडीत तो पाडत होती. दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं. मग आपल्या बाजारात करतात तसं हिनं घंटी खाली ठेवली, तोंड फिरवलं आणि चालू लागली. चार पावलांवर मागून हाक आलीच. घंटी घेऊन ती माझ्याकडे वळली आणि आपण दोघी एकाच बाजूच्या असल्यासारखी हसली. मी शेजारच्या दुकानातल्या कड्या पाहू लागले.

उताराच्या मध्यावर मुलीनं आम्हाला रस्त्याच्या नावाची फरशी दाखवली. फरशीवर कातडं कमावणारी माणसं रंगवलेली होती. तिनं सांगितलं की पूर्वी इथे खाटीकखाना होता आणि कातडी कमावणाऱ्यांची वस्ती होती. कापलेली जनावरं या उतारावरून ओढत नेत, मागे रक्ताचा माग राहायचा, आणि त्या मागावरूनच बाजाराला नाव पडलं. बाजाराचं नाव म्हणजेच माग.

मुलाच्या आईनं निऱ्या चिमटीत धरून वर घेतल्या, जणू रस्ता अजून ओला होता. “बाई बाई,” ती म्हणाली, “अशा जाग्यावर बाजार भरवतात काय?”

माझ्या डोक्यात यादीबाहेरचं काहीतरी हललं.

“माह्या आज्यानं हेच काम केलं,” मी म्हणाले. “तुमच्याच गोठ्यातली मेलेली ढोरं गावाबाहेर ओढली. छप्पन्न साली सोडलं, तं तुमच्या घरच्याईनं त्याले मजुरी देनं बंद केलं.”

“जुन्या गोष्टी हाये बाई त्या. कोन ध्यानात ठेवते?”

“मी ठेवते.”

मुलीनं मागून माझ्या बाहीला हिसका दिला. मुलगा एका दुकानातल्या चाकूंमध्ये अचानक फार रस घेऊ लागला. आमच्या आजूबाजूनं त्या शहरातली माणसं चालली होती, बाबागाडीत लेकरं, दोरीला कुत्री, ठेवणीतले कपडे. कातडं कमावणाऱ्यांचं चित्र असलेल्या फरशीखाली उभं राहून एक जोडपं फोटो काढून घेत होतं. आमच्या गावात आमच्या वस्तीचं नाव घेताना लोक आवाज खाली आणायचे. मी त्या फरशीकडे बराच वेळ पाहिलं. ती घरी नेता आली असती तर त्या दिवशीची तेवढीच खरेदी मी केली असती.

दुपारी आम्ही खाण्याच्या गल्लीत गेलो. पोरांनी पद्धत समजावली. एका ठिकाणी बसून पोटभर जेवायचं नाही. एका दुकानात शिरायचं, उभ्याउभ्या एक लहान बशी चौघांत खायची, एक पेला प्यायचा, की पुढच्या दुकानात.

“बसाचं नाई? उभ्यानंच?” मुलाची आई म्हणाली. “आपल्याकडे उभ्यानं ढोरं खातात.”

पहिल्या दुकानात श्वास घ्यायला जागा नव्हती. लोक पेले डोक्यावर धरून वाट काढत होते, कागदी रुमाल खाली टाकत होते. वाढप्यांसमोरच्या कठड्याच्या कडेला आम्हाला कोपर टेकण्याएवढी जागा मिळाली. पोरं पेय आणायला दुसऱ्या टोकाला गेली. आमच्यासमोर बटाट्याच्या जाड ऑम्लेटची बशी आली, तुकडे केलेले, प्रत्येकात एक काडी खोचलेली. बशी एकच. तिच्या आणि माझ्या मधोमध.

“घ्या,” मी म्हणाले.

“तुमी घ्या पहिले.”

“तुमी मोठ्या हा. घ्या.”

“असं कसं? तुमी पोरीकडच्या. तुमीच घ्या.”

आमच्याकडे हे चालतं. तिसऱ्या-चौथ्या आग्रहाला कोणीतरी हात पुढे करतं आणि जेवण सुरू होतं. पण आम्ही दोघीही हटून बसलो होतो. तिच्या मनात मानपान असेल. माझ्या मनात असं होतं की आधी मी खाल्लं तर माझ्या उष्ट्या बशीत हात न घालण्याचं निमित्त तिला मिळेल. आम्ही घ्या-घ्या करत राहिलो. कठड्यामागच्या माणसानं दोन बायका बशीला शिवतसुद्धा नाहीत हे पाहिलं, त्यांना नको असेल असं ठरवलं आणि बशी उचलून नेली.

पोरं पेले घेऊन आली तेव्हा आम्ही रिकाम्या जागेकडे पाहत उभ्या होतो. काय झालं ते कळल्यावर माझी मुलगी एवढी हसली की तिला पेला खाली ठेवावा लागला. नवी बशी मागवली.

या वेळी मी थांबले नाही. एका तुकड्यातली काडी काढून टाकली, तुकडा बोटांनी उचलला आणि तिच्या तोंडासमोर धरला, अगदी जवळ. ती मागे सरकली असती तर तिच्या पाठीला भिंत लागली असती. मी तिच्या डोळ्यांत पाहत होते. हा क्षण मी माझ्या लग्नाच्या मांडवात, आईच्या माळव्याच्या वाफ्यात, दवाखान्याच्या भांडारात, कुठे कुठे घडवून पाहिला होता. त्यात ती दर वेळी तोंड फिरवायची आणि मग मी काय बोलायचं तेही ठरलेलं होतं.

तिनं तोंड उघडलं आणि तुकडा खाल्ला. चावला, गिळला. “मस्त लागते,” ती म्हणाली. “आलूच हाये की. आनखी द्या.”

आणखी दिला. तोही खाल्ला.

भांडारात कधी असं होतं. खोकं जड दिसतं म्हणून दोन माणसं लावून उचलावं आणि आत कापूस निघावा. माझे हात तसे वर गेले. एवढ्या वर्षांची तयारी एका घासात संपली होती आणि माझ्याजवळ काहीच आलं नव्हतं.

तेवढ्यात मुलानं आमचा फोटो काढला होता. त्यानं तो आधी मला दाखवला: तिचं तोंड उघडं, माझा हात पुढे, मागे गर्दी. मग तिला दाखवला. ती खूश झाली. बोटांनी मोठा करून आपली साडी नीट आहे का ते पाहिलं. मग आवाज खाली घेऊन लेकाला म्हणाली, “चांगला हाये. पन गावच्या ग्रुपवर टाकू नको बरं. आपल्यापुरता ठेव.”

तिला वाटलं असावं की त्या गोंगाटात मला ऐकू येणार नाही. मला औषधाच्या बाटलीचं बूच ढिलं असलेलंसुद्धा ऐकू येतं. माझा चेहरा मी तसाच ठेवला. पण आता मला ते खोकं कशानं भरलं आहे ते कळलं होतं, आणि तो कापूस नव्हता.

दुसऱ्या दुकानात बसायला बाकं मिळाली. तिथे मोठ्या पातेल्यात रस्सा उकळत होता आणि रश्श्यात गोगलगायी. शंखासकट. मुलाची आई वाकून पाहत राहिली. यंदा जूनमध्ये सोयाबीनची रोपं गोगलगायींनी खाल्ली म्हणून त्यांना दोनदा पेरावं लागलं होतं. “हे पहिले माहीत असतं,” ती म्हणाली, “तं या लोकायलेच बलावलं असतं आमच्या वावरात.” पोरांनी त्या मागवल्या. आम्ही दोघींनी नको म्हटलं आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या घेतल्या, वर जाडं मीठ. एखादीच तिखट निघते म्हणे, खाणाऱ्याचं नशीब. आम्हा दोघींना सगळ्या गोडच लागल्या.

मिरचीचं देठ बशीत ठेवून तिनं मला पहिल्यांदा ‘ईनबाई’ म्हटलं. विहीण. काही ठरायच्या आधीच.

“ईनबाई, माह्या मनात असं हाये,” म्हणून तिनं बेत मांडला. लग्न इथेच करून टाकावं. दोन सह्या, चार मित्र, संपलं. तिकडे मांडव नको, वरात नको, पत्रिका नको. गावात लोकांना काय सांगायचं ते ती पाहून घेईल. मुलाच्या वडिलांना सावकाश सांगता येईल.

“सावकाश म्हंजे?” मी विचारलं. “त्याईले माहीत नाई?”

मुलगा खाली पाहू लागला. वडिलांना एवढंच माहीत होतं की लेकाचं नवं घर पाहायला बायको गेली आहे. माझी मुलगी त्यांच्या लेखी अजून नव्हतीच. मी माझ्या मुलीकडे पाहिलं. तिला हे ठाऊक होतं, तिनं मला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मुलाच्या आईनं पिशवीतून एक साडी काढली आणि मिरच्यांच्या बशीशेजारी ठेवली. माझ्यासाठी. चांगली होती, हिरवी, काठाला मोर. तेलाचा डाग लागू नये म्हणून मी ती आधी बशीपासून बाजूला सरकवली. मग विचारलं, “पेढे ध्यानात हायेत का तुमच्या?”

कोणते पेढे, असं पोरांनी विचारलं. मी सांगितलं. ओटा, पुडा, गुणपत्रिका, गोठा, सगळं. आवाज न चढवता, एकामागून एक, जसं मी साहेबांना साठ्यात काय कमी आहे ते सांगते. मुलानं हातातला शंख बशीत ठेवला. त्याला आपली आई गावभर प्रेमळ म्हणून माहीत होती.

आता ती म्हणेल आठवत नाही, असं मला वाटलं. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

“गाय नव्हती,” ती म्हणाली. “म्हैस होती. भुरी.”

या उत्तराची तयारी नव्हती.

“सासूबाई न्हानीत होत्या. त्याईनं आतूनच सांगतलं, चारून टाक म्हने. मी नवी होती. माही काय हिंमत होती?” तिनं साडीची घडी उगाच सरळ केली. “एक मी खाल्ला होता. कोनाले न दाखवता. तुमी परत आल्या तवा माह्या तोंडातच होता. म्हनून बोलता नाई आलं मले.”

मुलाचे डोळे भरले. माझ्या मुलीनं माझा हात धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता आई विरघळणार, आता सगळं झालं. खरं असेल ते. म्हैस आठवते म्हणजे बाकीचंही खरं असण्याचा संभव आहे. पण मला ते ऐकून दया आली नाही. उलट मला जे सकाळपासून नीट पकडता येत नव्हतं ते हातात आलं.

“तवाबी तुमी लपूनच खाल्ला,” मी म्हणाले. “अन् आजबी लपूनच खाऊन राह्यल्या.”

मी पुढे सांगितलं की फोटो ग्रुपवर नको म्हणाल्या ते मी ऐकलं. तेव्हा तिची मान खाली गेली. शेवटी तिनंच विचारलं, “मंग तुमचं काय म्हननं हाये?”

मी साडीची घडी केली, तिच्याच पिशवीत घातली, वर घंटी नीट ठेवली आणि म्हणाले, “कळवतो.”

ज्यांच्या घरी मुली पाहायला लोक येऊन गेले आहेत त्यांना या शब्दाबद्दल सांगायला नको. पोहे खाऊन, चहा पिऊन, मुलीला चालायला लावून, चपला घालताना मुलाकडचे म्हणतात: कळवतो. माझ्या धाकट्या बहिणीनं तो शब्द इतक्यांदा ऐकला की पुढे ती पोहे करायचंच विसरली. या बाईनं तो आपल्या थोरल्या लेकासाठी किती दारांत उच्चारला असेल ते तिचं तिला माहीत. आज ती ऐकणाऱ्या बाजूला होती. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं आणि त्या दिवसात मला दुसरं काही एवढं गोड लागलं नाही.

मग मी अट सांगितली. बोलणी तिकडे होतील, गावात, माझ्या आईच्या घरात, वस्तीत. मुलाच्या वडिलांनी आणि तिनं यायचं. दिवसा. गाडीतून दारात उतरायचं नाही, आपल्या घरापासून आमच्या घरापर्यंत गावातून पायी यायचं.

“ते नाई येनार,” ती म्हणाली.

“तं मंग कळवतो,” मी म्हणाले.

नदीकाठची फेरी यादीत होती म्हणून आम्ही गेलो, पण फक्त मी आणि मुलगी. पुलापर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालली. पुलावर म्हणाली, “तू तिच्याशी भांडतेस, आई. पण लग्न माझं अडतंय.”

“अडू दे,” मी म्हणाले.

“तू जिंकलीस ना आज? मग आता हो म्हण.”

मी तिला विचारलं की उद्या तुझं लेकरू उन्हाळ्यात गावी गेलं, तर ती बाई वेशीवर भेटणाऱ्याला त्याच्याबद्दल काय सांगेल. कोणाचं म्हणेल? लेकाच्या तिकडच्या कोण्या मैत्रिणीचं? मुलगी म्हणाली, आम्हाला गावात राहायचंच नाही. मी म्हणाले, मले हाये. माझं घर आहे तिथे, माझ्या आईची जागा आहे. तुझ्या लग्नानंतर मी त्या रस्त्यानं कसं चालायचं ते सांग. त्यावर ती रडली. मी पिशवीतून रुमाल काढून दिला. मन कच्चं झालं असतं तर तिथेच झालं असतं. झालं नाही.

संध्याकाळी यजमानांचा फोन आला. मुलीनं त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, पोरीचं वय बघ, होय म्हणून टाक. मी म्हटलं, नीट ऐकू येत नाही, आणि फोन ठेवला.

वाशीमला परतल्यावर पुढची कामं मी एकेक उरकली. भांडारातल्या मुदत संपत आलेल्या औषधांची छाननी केली. गावच्या घराची पाठभिंत लिंपून घेतली, दाराला नवा रंग दिला. तो कोणासाठी दिला हे वस्तीतल्या बायकांनी विचारलं, मी सांगितलं नाही.

मुलाच्या आईचे फोन येत राहिले. पहिल्यांदा तिनं सांगितलं की आपल्या यजमानांना सांगून टाकलं. ते दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत, जेवणाचा डबा शेतातच मागवत होते. पुढे तिनं विचारलं, मी एकटीच आले तर चालेल का. मी म्हटलं, नाही. मग निरोप आला की ते यायला तयार आहेत, पण दिवेलागणीला, आणि गाडी दारापर्यंत आणतील, तिचे गुडघे दुखतात. गुडघ्यांसाठी गोळी कोणती घ्यायची ते मी सांगितलं. बाकी अट तीच ठेवली. माझ्याइतकं कोणी कधी त्या घराला ताटकळत ठेवलं नसेल. दर वेळी फोन ठेवल्यावर मी चहा करून पीत असे आणि तो मला चांगला लागत असे.

मागच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. आवाज थकलेला होता. म्हणाली, “येतो आमी. दोघंबी. दिवसा, पायी, सगळ्यायच्या देखत. पन पहिले तुमी हो म्हना. तिथपर्यंत चालत येऊन तुमी पुन्हा ‘कळवतो’ म्हनलं, तं गावात तोंड दाखवता नाई येनार त्याईले.”

तिची भीती खरी आहे. मी तसं म्हणणार नाही, असं मला स्वतःलाही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आणि मी आधी हो म्हटलं तर ते पायी येतीलच, याची तरी कोण हमी देतं? शब्द घेऊन ते घरी बसतील आणि पोरं तिकडे सह्या करतील. तिच्यावर मी विश्वास ठेवायचा की तिनं माझ्यावर, एवढंच उरलं आहे. दोघींपैकी एकीनं बशीत हात घालायचा आहे.

मुलगी आता रोज सकाळी फोन करत नाही. फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवते. मी त्यावर काहीच लिहीत नाही. तिचे वडील माझ्याकडे पाहतात, मग पेपरमागे जातात.

आज रविवार. दळण आणलं. गॅस नोंदवला. गावच्या घराच्या पायरीचा फुटलेला दगड बदलायला गवंड्याला सांगितलं, तो येऊन बदलून गेला. पोह्यांचा डबा भरला. मुलाच्या आईला फोन करून हो की नाही ते सांगायचं आहे. ते केलेलं नाही.